श्रवण, चर्चा आणि कृती : पुणे केंद्राचा शेतकरी श्रवण मंडळांचा प्रयोग (१९५६)

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर भारतातील कृषिविस्ताराचा इतिहास बहुधा योजना, बियाणे, खते आणि सिंचन यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. शेतकऱ्यांनी एकमेकांकडून काय व कसे शिकावे, या प्रश्नाचा इतिहास मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला. या दृष्टीने १९५६ साली तत्कालीन मुंबई राज्याच्या मराठी भाषक जिल्ह्यांत झालेला श्रवण मंडळांचा प्रयोग महत्त्वाचा ठरतो. या मंडळांचे खरे सामर्थ्य रेडिओ या यंत्रात होते की त्याभोवती जमणाऱ्या गटात होते, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

पार्श्वभूमी

या प्रयोगाची प्रेरणा कॅनडातून आली. तेथे १९४१ ते १९६५ या काळात राष्ट्रीय पातळीवर शेतकऱ्यांचे रेडिओ मंच चालविले गेले. शेजारी कुटुंबे एकत्र जमून कार्यक्रम ऐकत व त्यावर चर्चा करीत. ‘वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा’ या अर्थाचे त्यांचे ब्रीद होते. युनेस्कोने या उपक्रमाचा अभ्यास करून विकसनशील देशांत तसा प्रयोग करण्यास साहाय्य देऊ केले.

भारतातील परिस्थितीही त्यास अनुकूल होती. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रमाचा आरंभ झाला होता आणि बरोबर एक वर्षाने, २ ऑक्टोबर १९५३ रोजी, पुणे आकाशवाणी केंद्र सुरू झाले होते. ग्रामसेवक गावात पोहोचू लागला होता. परंतु एका ग्रामसेवकाकडे अनेक गावे असत. त्यामुळे माहिती गावापर्यंत आली तरी ती शेतापर्यंत पोहोचेलच, याची शाश्वती नव्हती.

प्रयोगाचे स्वरूप

फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या सुमारे दहा आठवड्यांत पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील दीडशे गावे प्रयोगासाठी निवडण्यात आली. आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्ध्या तासाचे, असे एकूण वीस कार्यक्रम शेती व ग्रामविकासाच्या विषयांवर प्रसारित झाले. प्रत्येक मंडळात सुमारे वीस सभासद, एक अध्यक्ष व एक निमंत्रक अशी रचना होती. कार्यक्रम संपताच सभासद त्यावर चर्चा करीत. चर्चेतून निघालेले प्रश्न व निर्णय निमंत्रक लिहून काढून केंद्राकडे पाठवी आणि पुढील प्रसारणांत त्यांची उत्तरे दिली जात. अशा रीतीने एकमार्गी माध्यमाला परतीची वाट मिळाली, हे या रचनेचे वैशिष्ट्य होय.

मूल्यमापन

प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. त्याचे नेतृत्व समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांच्याकडे होते. आकाशवाणीचे तत्कालीन महासंचालक जगदीशचंद्र माथुर व न्यूराथ यांचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. या अभ्यासाची पद्धती विशेष लक्षणीय आहे. मंडळे असलेल्या गावांची तुलना दोन प्रकारच्या गावांशी करण्यात आली : रेडिओ असून मंडळ नसलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे. प्रसारणापूर्वी व प्रसारणानंतर ग्रामस्थांच्या मुलाखती घेण्यात आल्या. मंडळे असलेल्या गावांत विषयज्ञानात ठळक वाढ दिसली. इतर गावांत ती नगण्य होती.

या निष्कर्षाचा अर्थ स्पष्ट आहे. केवळ श्रवणसंच असल्याने ज्ञान वाढले नाही. ऐकलेली गोष्ट शेजाऱ्यासमोर मांडणे, तिच्यावर शंका घेणे आणि आपल्या जमिनीच्या अनुभवाशी ती ताडून पाहणे, या प्रक्रियेतून ते वाढले. शिवाय काही मंडळे निर्णय घेणाऱ्या संस्थांप्रमाणे कार्य करू लागली, असेही निरीक्षण अभ्यासात नोंदले गेले.

विस्तार व मर्यादा

या यशामुळे १९५९ पासून मंडळांचा विस्तार देशभर करण्यात आला. परंतु दीडशे गावांत जे लक्ष पुरविता आले, ते हजारो गावांत पुरविणे कठीण होते. संचांची दुरुस्ती, निमंत्रकांचे प्रशिक्षण आणि प्रश्नांना वेळेवर उत्तरे या तिन्ही बाबींवर मंडळांचे अस्तित्व अवलंबून होते. ज्या मंडळाच्या प्रश्नांना उत्तर येत नाही, त्या मंडळाला लिहिण्याचे प्रयोजन उरत नाही. पुढे ट्रान्झिस्टरच्या प्रसारामुळे श्रवण घराघरात पोहोचले. पण एकत्र जमण्याचे एक निमित्तही त्यामुळे क्षीण झाले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अधिक उत्पादन देणाऱ्या वाणांच्या प्रसारासाठी चर्चा मंडळे स्थापन झाली. तथापि त्यांचा भर ठरलेले तंत्र शेतकऱ्यांपर्यंत नेण्यावर अधिक होता.

तरुण शेतकऱ्यांचा प्रश्न येथे स्वतंत्रपणे विचारात घ्यावा लागतो. ही मंडळे केवळ तरुणांसाठी नव्हती. एकत्र कुटुंबात पिकाचा निर्णय कर्त्या पुरुषाकडे असे. नांगर धरणाऱ्या मुलाला मत असले तरी ते विचारले जाईच असे नाही. तीच स्थिती शेतात राबणाऱ्या स्त्रीची होती. वडीलधाऱ्यांसमोर बोलण्याचा संकोच केवळ एकाच ओसरीवर बसल्याने नाहीसा होत नाही. त्यामुळे गावाचे मंडळ म्हणजे गावातील सर्वांचे मंडळ, असे गृहीत धरणे इतिहासदृष्ट्या सदोष ठरेल.

निष्कर्ष

१९८९ मध्ये इंडोनेशियात भातपिकाच्या कीडनियंत्रणासाठी शेतीशाळांचा आरंभ झाला. त्यांत शेतकऱ्यांचा गट हंगामभर प्रत्यक्ष शेतात निरीक्षण करून स्वतः निर्णय घेऊ लागला. महाराष्ट्रातही पुढे कृषी विभागाने शेतीशाळेचा अवलंब केला. पुणे प्रयोगाशी तिचा थेट वारसासंबंध नसला, तरी दोहोंमागील तत्त्व एकच आहे : शेतकरी हा माहितीचा केवळ ग्राहक नसून तिचा परीक्षकही असतो. माध्यम बदलले, तरी १९५६ च्या प्रयोगाने उपस्थित केलेला प्रश्न कायम राहतो. माहिती किती जणांपर्यंत पोहोचली, यापेक्षा तिच्यावर बोलण्याचा अधिकार कोणाकोणाला मिळाला, हाच कृषिविस्ताराच्या मूल्यमापनाचा अधिक न्याय्य निकष ठरतो.