पाठवणीपूर्वीचे दिवस : मॉर्मन मिशनऱ्यांच्या प्रशिक्षणाचा इतिहास

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभूने सत्तर जणांना दोघे-दोघे असे पुढे पाठविल्याचा वृत्तांत आहे. त्यांनी बरोबर काय नेऊ नये हे लूक नेमके सांगतो; परंतु निघण्यापूर्वी त्यांची तयारी किती दिवस चालली, याविषयी तो मौन पाळतो. सुवार्तेसाठी निघणाऱ्या माणसाला आधी किती घडवावे आणि कसे घडवावे, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक पिढीपुढे उभा राहिला आहे. प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचे एक उत्तर इतिहासाच्या प्रकाशात तपासून पाहणार आहोत. ते उत्तर आपल्या परंपरेतील नव्हे. ते मॉर्मन लोकांचे आहे.

प्रारंभीच एक-दोन गोष्टी स्पष्ट केलेल्या बऱ्या. ‘अंतिम दिवसांच्या संतांची येशू ख्रिस्ताची मंडळी’ हे या संस्थेचे पूर्ण नाव होय. ‘मॉर्मन’ हे टोपणनाव वापरू नये अशी विनंती तिने २०१८ पासून आग्रहाने केली आहे; इतिहासात तेच रूढ असल्याने केवळ सोयीसाठी आम्ही ते येथे ठेवले आहे. दुसरी गोष्ट अशी की, त्रैक्याविषयीची नायसीन श्रद्धा ही मंडळी स्वीकारत नाही आणि पवित्र शास्त्राबरोबरच मॉर्मनच्या पुस्तकालाही ती शास्त्र मानते. म्हणूनच बहुतेक ख्रिस्ती मंडळ्या तिचा बाप्तिस्मा ग्राह्य धरत नाहीत. रोमन कॅथलिक मंडळीनेही २००१ मध्ये तसा स्पष्ट निर्णय दिला. हा भेद लहान नाही आणि तो लपवून आम्हांस पुढे जावयाचे नाही. परंतु भेद ओळखणे वेगळे आणि दुसऱ्याच्या अनुभवाकडे पाठ फिरविणे वेगळे.

न शिकता निघालेले लोक

ही मंडळी ६ एप्रिल १८३० रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात स्थापन झाली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात संस्थापक जोसेफ स्मिथ यांचे धाकटे बंधू सॅम्युएल पाठीवरील पिशवीत पुस्तके भरून गावोगाव निघाले. तेच पहिले मिशनरी मानले जातात. त्यांना कोणतेही प्रशिक्षण मिळाले नव्हते. १८३३ च्या जानेवारीत ओहायोतील कर्टलंड येथे एका दुकानाच्या माडीवर ‘संदेष्ट्यांची शाळा’ भरू लागली. तेथे शास्त्राभ्यासाबरोबर इंग्रजी व्याकरणासारखे व्यावहारिक विषयही शिकविले जात. १८३६ च्या आरंभी जोशुआ सेक्सस नावाच्या शिक्षकांना बोलावून इब्री भाषेचेही पाठ घेण्यात आले. तथापि ही शाळा मोजक्या पुरुषांपुरतीच राहिली. १८३७ मध्ये इंग्लंडातील प्रेस्टन येथे उतरलेले मिशनरी काय, किंवा त्यांच्यामागून निघालेले शेकडो काय, सारे थैली-झोळीवाचून, घरदार मागे ठेवून, वाटेतच शिकत गेले.

या पद्धतीची कसोटी आपल्याच भूमीवर लागली. १८५१ मध्ये कलकत्त्यात मॉर्मन प्रचारकाचे पहिले पाऊल पडले. १८५२ च्या सप्टेंबरात ह्यू फिंडले नावाचे स्कॉटिश गृहस्थ मुंबईस आले व पुढे पुण्यास गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सॉल्ट लेक सिटी येथील विशेष परिषदेत शंभरावर पुरुषांची जगाच्या निरनिराळ्या देशांसाठी नेमणूक झाली. त्यांपैकी तेरा जण १८५३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यास पोहोचले. नऊ हिंदुस्थानासाठी होते, चार सयामसाठी. हे शेतकरी, कारागीर, व्यापारी असे साधे लोक होते. ज्या लोकांत जावयाचे त्यांची भाषा त्यांना येत नव्हती. येथील धर्म, जातिव्यवस्था, कंपनी सरकारचा कारभार यांची त्यांना कल्पना नव्हती. भरीस भर म्हणजे ज्या परिषदेने त्यांना पाठविले, तिनेच बहुपत्नीत्वाचा आपला आचार प्रथम जाहीरपणे मान्य केला. ही वार्ता त्यांच्यामागोमाग येथे पोहोचली व बहुतेक दारे बंद झाली. (हा आचार सोडल्याची घोषणा १८९० मध्ये झाली.)

फिंडले यांची कथा आम्हा मराठी भाषकांना विशेष जवळची वाटावी. मुंबईतील वृत्तपत्रांतून त्यांच्यावर टीका झाली; पत्रके छापून त्यांनी तिला उत्तरे दिली. पुण्यात लष्करी छावणीच्या अधिकाऱ्यांनी त्यांना विरोध केला. तरीही ते मराठी शिकू लागले. हाताशी शाळा नाही, सोबती नाही, मागे भक्कम संस्था नाही, अशा स्थितीत एकटा माणूस परकी भाषा आत्मसात करू पाहत होता. त्यांच्या भोवती जे थोडे लोक जमले ते बहुतांशी युरोपीय होते. मराठी समाजात त्यांचा प्रवेश जवळजवळ झालाच नाही. १८५६ पर्यंत हे सारे मिशनरी परत गेले होते. त्यांच्या निष्ठेत उणीव नव्हती, तयारीत होती.

आठवड्याच्या घरापासून भाषेच्या शाळेपर्यंत

या अनुभवाचे फळ लवकर आले नाही. १९२५ मध्ये सॉल्ट लेक सिटी येथे ‘मिशन होम’ उघडले. नव्या मिशनऱ्यांनी तेथे सुमारे आठवडाभर राहावे, शिस्त, शिष्टाचार व सिद्धांताचे पाठ ऐकावेत आणि मग आगगाडी किंवा जहाज गाठावे, असा क्रम होता. भाषा मात्र ज्याने त्याने त्या त्या देशात जाऊनच शिकावयाची. १९५२ मध्ये सर्वांसाठी एकसारखे धडे छापले गेले; १९६१ मध्ये त्यांची सहा पाठांची सुधारित मालिका आली. ती तोंडपाठ करावयाची असे.

भाषेच्या शाळेचा जन्म मात्र एका अडचणीतून झाला. १९६१ च्या सुमारास मेक्सिको व अर्जेंटिना येथे जाणाऱ्या तरुणांना व्हिसा मिळण्यास विलंब होऊ लागला. रिकामे बसण्यापेक्षा त्यांनी स्पॅनिश शिकावे म्हणून त्या वर्षाच्या डिसेंबरात यूटातील प्रोव्हो येथे, ब्रिगम यंग विद्यापीठात, एक वर्ग सुरू झाला. स्पॅनिशचे प्राध्यापक अर्नेस्ट विल्किन्स त्याचे प्रमुख होते. हे तरुण मेक्सिकोत उतरले तेव्हा तेथील लोकांशी पहिल्याच दिवसापासून बोलू शकले, हे पाहून वर्गाचे महत्त्व पटले. १९६३ मध्ये त्याला कायमचे रूप मिळाले. १९७६ मध्ये प्रोव्होत स्वतंत्र वास्तू उभ्या राहिल्या. १९७८ मध्ये सॉल्ट लेकचे जुने ‘होम’ बंद होऊन सर्वांचेच प्रशिक्षण येथे होऊ लागले आणि ‘मिशनरी ट्रेनिंग सेंटर’ हे नाव रूढ झाले. पुढे अन्य देशांतही अशी केंद्रे निघाली. १९८३ मध्ये मनिला येथे केंद्र उघडले. जेथे १८३७ मध्ये पहिले मिशनरी अनभिज्ञ उतरले होते त्या प्रेस्टनच्या परिसरातही १९९८ मध्ये केंद्र झाले.

परक्या देशातील पहिला आठवडा

मेक्सिको सिटीच्या केंद्राची हकीकत थोडी निराळी आहे. मंडळीने १९६४ मध्ये तेथे ‘बेनेमेरितो दे लास अमेरिकास’ नावाची शाळा काढली होती. बेनितो हुआरेझ यांना मेक्सिकोचे लोक याच पदवीने ओळखतात. दूरदूरची गरीब मुले तेथील छोट्या घरांतून राहून शिकत. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये मिशनरी होण्याचे किमान वय तरुणांसाठी एकोणिसावरून अठरा व तरुणींसाठी एकविसावरून एकोणीस करण्यात आले. तेव्हा ५९ हजारांच्या आसपास असलेली मिशनऱ्यांची संख्या २०१३ च्या अखेरीस ८३ हजारांवर गेली. जागा अपुरी पडू लागली. तेव्हा ती शाळा बंद करून २०१३ च्या जूनमध्ये तेथे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. शाळा मिटली याचे माजी विद्यार्थ्यांना झालेले दुःख खोल होते. एकाची पाठवणी करताना दुसऱ्याचा आसरा जातो काय, हा प्रश्न अशा प्रसंगी प्रत्येक मंडळीने स्वतःस विचारावा असा आहे.

आता त्या घरांत उत्तर अमेरिकेतील एखाद्या लहान शहरातून आलेला अठरा वर्षांचा मुलगा उतरतो असे समजू. विमानतळावर आईवडिलांचा निरोप घेतलेला असतो. पुढील चोवीस महिने तो घरी परतणार नाही. तरुणी असल्यास अठरा महिने. केंद्रात पाऊल ठेवताच छातीवर नावाची काळी पट्टी येते आणि त्याचे पाळण्यातले नाव मागे पडते. आता तो ‘एल्डर’ अमुक, आडनावाने ओळखला जाणारा. प्रोव्होच्या केंद्रात तर पहिल्या दिवशी नवागताच्या पट्टीवर केशरी रंगाचा ठिपका चिकटविण्याची चाल होती. ठिपका दिसला की जुन्यांनी पुढे होऊन वाट दाखवावी, सामान उचलावे. मुले त्या ठिपक्याची थट्टा करीत. परंतु नव्या माणसाला ओळखून हात देण्याची ती एक युक्तीच होती.

मग त्याला सोबती मिळतो. तो त्याने निवडलेला नसतो. झोपणे, उठणे, जेवणे, अभ्यास, प्रार्थना सर्व त्याच्याबरोबर. एकट्याने कोठे जावयाचे नाही. पहाटे साडेसहास उठणे, रात्री साडेदहास दिवे मालविणे. आठवड्यातून एक दिवस कपडे धुण्यास व पत्रे लिहिण्यास मोकळा. वर्गात शिरताच शिक्षक स्पॅनिशमध्ये बोलू लागतात व इंग्रजीचा आधार घेत नाहीत. बहुधा हे शिक्षक स्वतः नुकतेच मिशनकार्य आटोपून आलेले तरुण असतात. नवागताला पहिली वाक्ये शिकवितात ती बाजारहाटाची नव्हेत, प्रार्थनेची. जो आपल्या मातृभाषेत लोकांसमोर मोठ्याने प्रार्थना करावयास लाजत होता, त्याला परक्या भाषेत चार शब्दांनी देवाला हाक मारावी लागते. पहिल्या आठवड्यातच शिकाऊ श्रोत्यापुढे बसून त्याला मोडक्या भाषेत पाठ द्यावा लागतो. ज्यांना भाषा शिकावयाची त्यांचे वास्तव्य सुमारे सहा ते नऊ आठवडे. इतरांचे त्याहून पुष्कळ कमी.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेकांना घर आठवते. २०१९ पर्यंत घरी दूरध्वनी करण्याची मुभा वर्षातून दोनदाच, नाताळ व मातृदिन या दिवशी, असे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून ती आठवड्यातून एकदा मिळू लागली. पुष्कळ धार्मिक शिस्तींत घराची ओढ ही दुर्बलता मानली जाई. येथेही दीर्घकाळ तसेच होते. ती अट सैल झाली, हे आमच्या मते शहाणपणाचे लक्षण होय.

आपल्यापुढील प्रश्न

या इतिहासातून काय घ्यावे? घाईने अनुकरण नव्हे, आणि तुच्छताही नव्हे. सहा आठवड्यांत भाषा तोंडात येते. अंतःकरणात शिरत नाही. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले १६१६ मध्ये. मधली सदतीस वर्षे त्यांनी सासष्टीच्या लोकांत घालविली. ओवी त्यांच्या लेखणीतून सहज उतरली ती या सहवासामुळे. दोन वर्षांनी परत जाणाऱ्या तरुणाकडून ही अपेक्षा करता येत नाही, आणि तो ती बाळगतही नाही.

दुसरा धोका एकसाचीपणाचा. पाठ केलेले धडे म्हणणाऱ्याला समोरच्याचा प्रश्न ऐकू येत नाही. मॉर्मन मंडळीनेही हे अखेर ओळखले. २००४ मध्ये तिने पाठांतराची सक्ती सोडून, तत्त्वे समजून आपल्या शब्दांत सांगावीत अशी नवी मार्गदर्शिका काढली. ज्या संस्थेने चाळीस वर्षांहून अधिक काळ पाठांतर चालविले तिने स्वतः ते बदलावे, ही गोष्ट आपल्या प्रश्नोत्तरावलीच्या वर्गांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

परंतु तीन गोष्टी आम्हांस निरुत्तर करतात. पहिली, सोबती. आपण अद्यापि कित्येक धर्मशिक्षकांना एकटे पाठवितो. गावात राहण्याची सोय, हाती एक पुस्तक, आणि वर्षाकाठी एखादी भेट. मग तो खचला की त्याच्या श्रद्धेला बोल लावतो. अशी उदाहरणे आम्ही जवळून पाहिली आहेत, आणि वेळीच विचारपूस न केल्याचा दोष आमच्याही माथी आहे. दुसरी, प्रार्थनेपासून आरंभ. आपल्या वर्गांत इतिहास व सिद्धांत आधी येतात. लोकांच्या बोलीत, लोकांदेखत प्रार्थना करणे शेवटी, जमल्यास. तिसरी, नवागताचा ठिपका. आपल्या छात्रालयात पहिल्या दिवशी येणाऱ्या मुलाचे सामान कोण उचलते?

आणखी एक गोष्ट व्यवहाराची. १८५६ मध्ये तुटलेला धागा पुढे पुन्हा जुळला. १९७८ च्या डिसेंबरात हैदराबादेत एका कुटुंबातील व त्यांच्या आप्तांतील बावीस जणांचा त्या मंडळीत बाप्तिस्मा झाला. २०१२ मध्ये भारतातील तिचा पहिला ‘स्टेक’, म्हणजे धर्मप्रांतासारखा विभाग, त्याच शहरात स्थापन झाला. त्यामुळे हैदराबादसारख्या ठिकाणच्या आमच्या वाचकांच्या सभासदांना पांढऱ्या सदऱ्यातील ते दोघे तरुण भेटले असतील, किंवा पुढे भेटतील. तेव्हा पाळकाने काय करावे? पुण्याच्या छावणीने केले ते आपण करू नये. दार लावून घेतल्याने कोणाची श्रद्धा दृढ होत नाही. आपल्या माणसाला त्रैक्य काय, शास्त्र कोणते, बाप्तिस्मा कोणाच्या नावाने व कोणत्या अर्थाने, हे आधीच नीट शिकविलेले असेल तर त्याला त्या भेटीचे भय नाही; शिकविलेले नसेल तर दोष पाहुण्याचा नव्हे.

दारातील त्या मुलाला पाणी विचारावे. तो अठरा-एकोणीस वर्षांचा आहे. आईपासून दूर आहे. ज्या भाषेत तो आपल्याशी बोलू पाहतो ती त्याने कष्टाने मिळविली आहे. आपली श्रद्धा त्याला स्पष्ट आणि सौम्य शब्दांत सांगावी. आणि तो गेल्यावर आपल्या मंडळीतील त्याच वयाच्या मुलांकडे पाहावे. त्यांना आपण कोठे पाठविले आहे, आणि पाठविण्यापूर्वी त्यांच्याबरोबर किती दिवस बसलो आहोत, याचा हिशेब आपल्याला द्यावा लागेल.