दोन कागद, एक ड्रेस : शिवणाच्या पॅटर्नचा इतिहास

या भागाचं लेखी रूप टाकायला या वेळी उशीर झाला, कारण गेले पंधरा दिवस मी मशीनवर बसले होते. विषयही तिथूनच निघाला.

झालं असं, की माझ्या लेकीला पदवीदान समारंभासाठी ड्रेस हवा होता आणि तो घरीच शिवायचा होता. वरचा भाग आजीच्या फ्रॉकसारखाच हवा, अशी तिची अट. आजी म्हणजे माझी आई. ती दोन वर्षांपूर्वी गेली. कॉलेजच्या गॅदरिंगसाठी तिने मला एक फ्रॉक शिवला होता, त्याचं जुन्या वर्तमानपत्रावर कापलेलं कटिंग माझ्याकडे अजून आहे. खालचा घेर मात्र लेकीला सहा कळ्यांचा हवा होता, आणि तो होता तिने मागवलेल्या एका अमेरिकन पॅटर्नच्या पाकिटात.

दोन्ही कागद टेबलावर मांडले आणि गाडी कमरेवर अडली. आईचा वरचा भाग कमरेत २८ इंच, घेर साडेएकोणतीस. दीड इंचाचा फरक. आता कात्री कुठल्या कागदाला लावायची? आईच्या कागदाला हात लावायची माझी तयारी नव्हती. लेक म्हणाली, "आई, दोन पॅटर्न असे जोडायचे नसतातच बहुतेक." ते वाक्य डोक्यात राहिलं. खरंच जोडायचे नसतात का? म्हणून थोडं वाचायला घेतलं, आणि उत्तर निघालं अगदी उलटं.

जरा मागे जाऊ. छापलेले बेत तसे फार जुने. १५८० साली माद्रिदमध्ये हुआन दे अल्सेगा नावाच्या शिंप्याने एक पुस्तक छापलं. कापडावर कुठला तुकडा कसा बसवायचा, म्हणजे कापड वाया जाणार नाही, याच्या आकृत्या त्यात आहेत. पण ते पुस्तक शिंप्यांचं, शिंप्यांसाठी. घरात बसून शिवणाऱ्या बाईला त्याचा काही उपयोग नव्हता.

तिच्यापर्यंत पॅटर्न पोचायला एकोणिसावं शतक यावं लागलं. बायकांच्या मासिकांत आकृत्या यायच्या, पण एकाच मापाच्या, आणि बोटभर आकाराच्या. त्या मोठ्या करायच्या, आपल्या अंगाला बसवायच्या, हे सगळं बाईनेच बघायचं. १८६० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये एलेन डेमोरेस्ट आणि तिचा नवरा यांनी पातळ कागदाचे, पूर्ण आकाराचे पॅटर्न विकायला सुरुवात केली. कल्पना चांगली होती. माप मात्र अजूनही एकच.

मग येतात बटरिक. एबेनेझर बटरिक हा मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावचा शिंपी. गोष्ट अशी सांगतात, की त्याची बायको एलेन मुलासाठी चौकड्याचं कापड बेतत होती आणि वैतागून म्हणाली, हे पॅटर्न वेगवेगळ्या मापांत मिळाले तर किती बरं! गोष्टीत तिखटमीठ किती, ते सोडा. पण १८६३ मध्ये बटरिकने निरनिराळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला काढले, एवढं पक्कं. आधी पुरुषांचे शर्ट आणि मुलांचे कपडे, दोन-तीन वर्षांत बायकांचेही. पातळ कागद घडी घालून पाकिटात मावायचा आणि टपालाने कुठेही जायचा. शिवणयंत्रंही तेव्हा घरोघरी जायला लागली होती. सिंगर कंपनीने १८५६ पासून ती हप्त्यांवर द्यायला सुरुवात केली होती. मशीन आलं, पाठोपाठ कागद आला.

सुरुवातीच्या या कागदांवर छापलेलं काही नसायचं बरं का. ना रेघ, ना अक्षर. नुसती भोकं आणि खाचा. अमुक भोक म्हणजे टक्स, अमुक खाच म्हणजे बाहीचा जोड. बाकी तुमची अक्कल. छापील रेघांचे पॅटर्न आणि सविस्तर सूचनांचा कागद हे रुळायला १९२० चा सुमार उजाडला.

आता माझ्या लेकीच्या प्रश्नाकडे येते. १८७० ते १९०० च्या दरम्यानचा बाईचा पोशाख एक अखंड ड्रेस असा नसायचाच. वर अंगाला घट्ट बसणारी चोळीवजा बॉडिस, खाली स्कर्ट, कधी त्यावर आणखी एक वरचा स्कर्ट. आणि या प्रत्येकाचा पॅटर्न वेगळा विकला जायचा! बटरिक कंपनीचं 'डेलिनिएटर' नावाचं मासिक १८७३ मध्ये सुरू झालं. त्यात पूर्ण पोशाखातल्या बाईचं चित्र असायचं आणि खाली लिहिलेलं असायचं : बॉडिसचा पॅटर्न नंबर हा, स्कर्टचा नंबर तो. म्हणजे दोन पाकिटं घ्या आणि जोडा. चित्रातलीच जोडी घेतली पाहिजे अशी सक्तीही नव्हती. या नंबरची बॉडिस, त्या नंबरचा स्कर्ट, बाही तिसरीकडची. चालायचं.

यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट मापाची. बॉडिसचा पॅटर्न छातीच्या मापावर मिळायचा आणि स्कर्टचा कमरेच्या. कारण उघड आहे. एका बाईची छाती आणि दुसऱ्या बाईची छाती सारखी असली, म्हणून त्यांच्या कमरा सारख्या नसतात. हे त्या काळच्या विक्रेत्यांना कळत होतं.

मग बिघडलं कुठे? विसाव्या शतकात कपडा बदलला. वर-खाली एकसंध ड्रेस आला. १९२० च्या दशकातले ड्रेस तर कमरेत सैल, सरळ सोडलेले, त्यामुळे मापाची फारशी कटकट नव्हती. पण १९३० च्या दशकात कंबर परत जागेवर आली, आणि आता सगळा ड्रेस एकाच पाकिटात होता, एकाच मापाचा. तो निवडायचा छातीवरून. कंबर आणि नितंब जुळले तर नशीब, नाहीतर बसा उसवत. एकाच कागदावर चार-पाच मापांच्या रेघा छापलेले पॅटर्न सर्रास मिळायला लागले ते थेट १९८० च्या दशकात. मधली कितीतरी वर्षं आपल्या अंगातच काहीतरी चुकलंय असं बायकांना वाटत राहिलं. चुकलेलं होतं पाकीट.

जोडाजोड मात्र थांबली नाही. दुसऱ्या महायुद्धात तर ती सरकारी सल्ला झाली. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांवर रेशनिंग आलं. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं, आणि एका लोकरी ड्रेसला त्यातली ११ जायची. १९४३ मध्ये तिथल्या व्यापार खात्याने 'मेक डू अँड मेंड' ही पुस्तिका काढली. आहे त्यातच भागवा, दुरुस्त करा, जुन्यातून नवं करा, असा तिचा सूर. काखेत विरलेल्या फ्रॉकचा घेर चांगला असतो, घेर फाटलेल्याचा वरचा भाग. दोन मोडके कपडे मिळून एक धड कपडा. अमेरिकेत नवऱ्याच्या सुटातून बाईचा सूट कसा काढायचा, याचेही पॅटर्न त्या काळात निघाले.

आजकाल शिवणाऱ्या मंडळींनी या जोडाजोडीला गमतीचं नाव दिलंय, 'फ्रँकनपॅटर्न'. मेरी शेलीच्या कादंबरीतल्या फ्रँकेन्स्टाइनवरून. इकडचा हात, तिकडचं धड! नाव मजेशीर आहे, पण त्यात एक सूर आहे, की हे काहीतरी नियमाबाहेरचं, विचित्र. दीडशे वर्षांपूर्वी तर हाच नियम होता.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे पाकिटातला पॅटर्न तसा रुजलाच नाही. आपला शिंपी आणि आपला शिवणक्लास मापावर चालतो. छातीचा चौथा भाग, अधिक एवढे इंच, मुंढा इतका, गळा तितका. झारापकरांच्या कटिंगच्या पद्धतीवर आपल्याकडे किती जणींचे हात तयार झाले! क्लासच्या वहीत आधी छोट्या स्केलवर आकृती, मग खाकी कागद, मग कापड. त्या वहीत योक एका पानावर, घेर दुसऱ्या पानावर. चुण्यांचा घेर, अंब्रेला, कळ्यांचा, कुठलाही घ्या आणि वर लावा. पॅटर्न जोडतोय असं आपण म्हणत नाही. आपण म्हणतो, "वरचं असं ठेव, खालचं तसं कर."

एवढं वाचून मी परत टेबलापाशी आले. आईचा कागद उजेडात धरला, आणि इतकी वर्षं न दिसलेली एक गोष्ट दिसली. बाजूच्या शिवणीला दोन बोटं रुंदीची एक पट्टी खळीने चिकटवलेली होती, वेगळ्याच वर्तमानपत्राची. आणि मुंढ्याची जुनी रेघ पेन्सिलीने खोडून नवी काढलेली. म्हणजे मी ज्याला आईचा मूळ कागद म्हणून कवटाळून बसले होते, तो मुळात कुणा दुसऱ्या मापाचा होता. कदाचित मावशीचा, कदाचित क्लासमधला. माझ्यासाठी तिने त्यात भर घातली होती.

खरं सांगते, त्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि थोडा वेळ काही सुचलं नाही.

मग कामाला लागले. आईचा कागद खाकी कागदावर उतरवून घेतला आणि मूळचा परत पिशवीत ठेवला. घेराचं पाकीट नितंबांच्या मापाने घेतलेलं, म्हणून ते कमरेत मोठं होतं. सहा कळ्यांच्या सहा शिवणी. प्रत्येक शिवणीत कमरेपाशी पाव इंच आत घेतला आणि नितंबांपर्यंत शून्यावर आणला. सहा पाव म्हणजे दीड इंच. हिशेब चोख! वरच्या भागाचे टक्स पुढच्या कळीच्या शिवणीवर नेमके यावेत म्हणून उतरवलेल्या कागदावर ते अर्धा इंच बाहेर सरकवले. एक करा मात्र, आधी जुन्या चादरीवर कच्च्या टाक्यांनी जोडून बघा. मी पहिल्यांदा शिवणीसाठी सोडलेलं कापड मोजण्यात धरायला विसरले होते. आईच्या कागदात ते धरलेलंच नाही, अमेरिकन पाकिटात पाच अष्टमांश इंच धरलेलं असतं. चादर उसवली, ड्रेस वाचला.

परवा लेकीने तो घातला. कमरेची शिवण बरोब्बर कमरेवर बसली. खाकी कागदावर आता माझ्या रेघा आहेत. बाजूला लेकीचं नाव आणि तारीख लिहून तो आईच्या कागदाशेजारी ठेवलाय. पुढे कुणी त्याला पट्टी चिकटवली तर माझी ना नाही.

तुमच्या घरात अशी कटिंग्ज असतील तर एकदा उजेडात धरून बघा, आणि काय सापडलं ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.