डे, एस. एन. : एका नोंदीचा इतिहास

'सायन्स सायटेशन इंडेक्स'चे जाडजूड खंड ज्यांनी एखाद्या जुन्या ग्रंथालयात चाळले असतील, त्यांना ती पाने विसरता येणार नाहीत. टेलिफोन डिरेक्टरीलाही लाजवील असा बारीक टाइप आणि वर्णक्रमाने लावलेली आडनावांची रांग. आडनाव, आद्याक्षरे, साल, नियतकालिकाचे तुटक नाव, खंड, पान. त्याखाली, तो निबंध पुढे कोणी कोणी आपल्या लेखात संदर्भ म्हणून दिला, त्यांची नावे. मूळ निबंधात काय म्हटले आहे, याचा एक शब्दही नाही. कोणी कोणाचे नाव घेतले, एवढ्याच हिशेबाची ती खातेवही. डे, एस. एन., १९५९, नेचर, १८३, १५३३ ही नोंद अशीच. ज्यांच्या खात्यावर ती जमा होत होती ते शंभुनाथ डे कलकत्त्याचे विकृतिशास्त्रज्ञ होते. आपल्या हयातीत ते भारतातल्या एकाही विज्ञान अकादमीचे फेलो झाले नाहीत.

डे यांचा जन्म १९१५ साली हुगळी जिल्ह्यातल्या गरिबाटी गावचा. शिक्षण कलकत्ता मेडिकल कॉलेजात, मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात रॉय कॅमेरॉन यांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएच.डी. तिथे विषय वेगळाच होता. फुप्फुसात पाणी साचते ते का, यावर दोघांनी मिळून निबंध लिहिला. कलकत्त्याला परतल्यावर मात्र डे यांनी घराजवळचा शत्रू निवडला. पटकी.

मराठी वाचकाला पटकी म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. गावोगावच्या वेशीवर मरीआईची ठाणी उभी राहिली ती अशा साथींच्या धाकानेच. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू झाले की धडधाकट माणूस काही तासांत चिपाडासारखा होई. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यातच तिचा जंतू ओळखला. जंतू काहीतरी विष सोडत असावा, असा त्यांचा कयास होता, पण तो सिद्ध करायला प्राणी मिळेना. जनावरांना पटकी काही केल्या होत नव्हती. पुढची पन्नास-साठ वर्षे संशोधकांनी ते विष कातडीखाली, शिरेत, पोटाच्या पोकळीत टोचून पाहिले. प्राणी मरत, पण पटकीने नव्हे.

डे यांनी केलेली गोष्ट ऐकायला इतकी सोपी आहे की ती आधी कोणाला सुचू नये याचेच नवल वाटावे. सशाला भूल देऊन पोट उघडायचे. लहान आतड्याचा काही इंचांचा तुकडा न कापता, जागच्या जागी दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधायचा. त्या बंद नळीत जंतूंचे थोडेसे द्रव सुईने सोडायचे आणि पोट शिवून टाकायचे. दुसऱ्या दिवशी पाहावे तो तुकडा टम्म फुगलेला, आत तेच तांदळाचे धुवण. शेजारच्या, नुसते साधे द्रव सोडलेल्या तुकड्यात काही नाही. डी. एन. चटर्जी यांच्यासोबतचा हा निबंध १९५३ साली 'जर्नल ऑफ पॅथॉलॉजी अँड बॅक्टेरिऑलॉजी'त आला.

नवल आणखी आहे. असाच प्रयोग १९१५ साली व्हिओल आणि क्रेंदिरोपुलो या दोघांनी करून फ्रेंचमध्ये छापलाही होता. पण कोणी त्याचा संदर्भ दिला नाही, म्हणून तो कोणाला सापडला नाही, आणि सापडला नाही म्हणून पुढे कोणी संदर्भ दिला नाही. छापलेला निबंध असाही मरतो.

पुढची पायरी १९५९ ची. या वेळी डे यांनी जंतू गाळून काढून टाकले आणि उरलेले निर्जंतुक पाणीच आतड्यात सोडले. तुकडा तसाच फुगला. म्हणजे पटकीचे विष जंतूच्या देहात दडून, तो मेल्यावर बाहेर पडणारे नव्हते. जिवंत जंतू ते बाहेर सोडत होता आणि त्याचा मारा थेट आतड्याच्या अस्तरावर होता. विषाच्या इशाऱ्यावर आतडे शरीरातले पाणी बाहेर ओतू लागते, आणि रोगी मरतो तो त्या ओसरणाऱ्या पाण्यामुळे.

त्याच वर्षी मुंबईतही कोणीतरी याच दारावर थाप मारत होते. परळच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्त यांनी मोठ्या सशांऐवजी सशाची पिल्ले घेतली होती. १९५५ मध्ये एम. के. हब्बू यांच्याबरोबर त्यांनी पिल्लांना पटकी होते हे दाखवले. १९५९ मध्ये एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांच्यासह, जंतू फोडून काढलेल्या अर्कानेही ती होते हे 'जर्नल ऑफ बॅक्टेरिऑलॉजी'त छापले. पटकीच्या विषावर कलकत्ता आणि मुंबई या दोन्ही शहरांतून एकाच वर्षी निबंध निघावेत, याची आठवण परळमध्ये तरी ठेवायला हवी होती.

मग शांतता. विष वेगळे काढून शुद्ध करण्याचे काम अमेरिकेत फिंकलस्टाइन आणि लोस्पालुटो यांनी १९६९ मध्ये पुरे केले, आणि त्यानंतर पटकीवरच्या निबंधांचा पूर आला. त्या निबंधांच्या तळटीपांत डे यांचे नाव वारंवार येऊ लागले.

या तळटीपा मोजाव्यात ही कल्पना वैद्यकातून नव्हे, वकिलीतून आली. इलिनॉयच्या फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ पासून वकिलांना डिंक लावलेल्या चिठ्ठ्या विकायला सुरुवात केली. अमुक निकाल पुढे कोणत्या खटल्यात उचलून धरला, कुठे फिरवला, हे त्या चिठ्ठीवर छापलेले असे. वकिलाने ती निकालपत्राच्या पुस्तकात चिकटवायची. शेपर्ड कंपनीच्या एका माजी अधिकाऱ्याने, विल्यम अडेर यांनी, १९५३ मध्ये यूजीन गारफील्ड नावाच्या तरुणाला पत्र लिहून ही पद्धत कळवली. गारफील्ड यांनी १९५५ साली 'सायन्स'मध्ये तिची विज्ञानासाठीची आवृत्ती मांडली आणि १९६४ मध्ये ६१३ नियतकालिके व १४ लाख संदर्भ असलेला पहिला 'सायन्स सायटेशन इंडेक्स' काढला. एखादा विचार कुठून निघाला आणि कुठे पोचला याचा माग लागावा, हा त्यांचा हेतू. कोण थोर हे ठरवणे हा नव्हे.

डे यांच्या बाबतीत वहीने नेमके तेच काम केले, फक्त उशिरा. १९७८ मध्ये स्टॉकहोमला पटकीवर नोबेल परिसंवाद भरला तेव्हा डे यांना निमंत्रण गेले. तोवर ते निवृत्त होऊन पाच वर्षे झाली होती. १९८५ च्या एप्रिलमध्ये ते वारले. पुढच्या एप्रिलमध्ये गारफील्ड यांनी आपल्या 'करंट कंटेंट्स'मध्ये पटकी-संशोधनाचा नकाशा काढणारा लेख लिहिला आणि मथळ्यातच कलकत्त्याच्या डे यांचे नाव घातले. कोणता निबंध कोणाबरोबर उद्धृत होतो, हे जोडत जोडत मागे गेल्यावर डे लागतात, हे गारफील्ड यांना फिलाडेल्फियात बसून दिसले. आपल्याकडे त्या वहीचे खंड ग्रंथालयांत होते. उघडून पाहणारा नव्हता, एवढेच.

आज त्या वहीवर सगळ्यांचे लक्ष आहे, पण भलत्याच कारणाने. नियतकालिकांचा इम्पॅक्ट फॅक्टर, २००५ साली भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी काढलेला एच-इंडेक्स, या साऱ्या त्याच हिशेबाच्या पुढच्या पिढ्या. एच-इंडेक्स दहा म्हणजे किमान दहा निबंध, प्रत्येकी किमान दहा वेळा उद्धृत झालेले. त्यात एकच निबंध हजार वेळा उद्धृत झाला तरी तो एकच धरतात. २०१५ मध्ये तर आपल्या मेडिकल कौन्सिलने अध्यापकांच्या बढतीसाठी लेखकांच्या यादीतल्या पहिल्या दोन नावांनाच मान दिला. रोज ओपीडीत शेकडो रोगी पाहणाऱ्या डॉक्टरने मग निबंध पाडायचे, आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांनी दुकान मांडायचे, हे ओघाने आलेच. माग काढण्याचे साधन गुणपत्रिका झाले की असे होणारच.

भारतात डे यांची दखल घेतली गेली ती १९९० मध्ये, बंगळूरच्या 'करंट सायन्स'ने त्यांच्यावर खास अंक काढला तेव्हा. मृत्यूनंतर पाच वर्षांनी. १९५९ चा 'नेचर'मधला तो निबंध अजूनही काढून वाचता येतो. ३० मेचा अंक, पान १५३३ आणि १५३४. लेखक एकच.