गोपनीय शासकीय दस्तऐवज व न्यायाधिकरणे

शासनाने एखादा दस्तऐवज उघड करण्यास नकार दिल्यास त्या नकाराची योग्यायोग्यता स्वतंत्र न्यायाधिकरणामार्फत तपासण्याची पद्धती. दस्तऐवज ज्याच्या ताब्यात आहे, त्यानेच तो गुप्त ठेवावा की नाही हे अंतिमतः ठरवावे काय, हा या पद्धतीच्या मुळाशी असलेला प्रश्न होय. ग्रेट ब्रिटनमध्ये त्याचे उत्तर टप्प्याटप्प्याने बदलत गेले.

१ जून १९३९ रोजी ‘थेटिस’ ही नवी ब्रिटिश पाणबुडी चाचणीच्या वेळी लिव्हरपूलच्या उपसागरात बुडून ९९ जण मृत्युमुखी पडले. मृतांच्या आप्तांनी पाणबुडी बांधणाऱ्या कंपनीवर नुकसानभरपाईचा दावा लावून तिचे आराखडे व इतर कागदपत्रे मागितली. परंतु नौदल खात्याने ती देण्यास मनाई केली. कागदपत्रे उघड करणे लोकहितास बाधक आहे, असे मंत्र्याने विहित रीतीने सांगितल्यास ते न्यायालयावर बंधनकारक होय, असा निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्‌सने १९४२ मध्ये दिला. तो २६ वर्षे टिकला. पुढे एका उमेदवार पोलीस शिपायाने, विजेरीच्या चोरीच्या आरोपातून मुक्त झाल्यावर, आपल्यावर आकसाने खटला भरल्याबद्दल दावा लावला. त्यात स्वतःविषयीचे वरिष्ठांचे अहवाल त्याला नाकारण्यात आले. १९६८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने ते अहवाल स्वतः वाचून उघड करविले. गोपनीयता व न्यायदान यांतील लोकहिताची तुलना न्यायालयाने करावयाची, हे तत्त्व तेव्हापासून रूढ झाले.

हा लाभ मात्र केवळ पक्षकारांना होता. सर्वसामान्य नागरिकास माहिती मागण्याचा हक्क २००० च्या माहिती स्वातंत्र्य अधिनियमाने दिला व तो १ जानेवारी २००५ पासून अंमलात आला. खात्याच्या नकाराविरुद्ध माहिती आयुक्ताकडे तक्रार व त्याच्या निर्णयावर न्यायाधिकरणाकडे अपील, अशी व्यवस्था त्यात आहे. वादग्रस्त दस्तऐवज न्यायाधिकरणास वाचता येतो. तथापि तेवढी सुनावणी अर्जदाराच्या गैरहजेरीत चालते. त्यामुळे जो मजकूर आपण पाहिलेला नाही, त्यावर त्याला युक्तिवाद करावा लागतो. राष्ट्रीय सुरक्षिततेच्या कारणास्तव मंत्र्याने दिलेल्या प्रमाणपत्राविरुद्धही अपील करता येते. परंतु त्या वेळी मंत्र्यास वाजवी आधार होता की नाही, एवढेच पाहिले जाते.

अधिनियमाच्या कलम ५३ नुसार मंत्रिमंडळातील मंत्री वा ॲटर्नी जनरल प्रमाणपत्र देऊन माहिती उघड करण्याचा आदेश निष्प्रभ करू शकतो. इराक युद्धाविषयीच्या मार्च २००३ मधील मंत्रिमंडळ-बैठकींची इतिवृत्ते उघड करावीत, असा निर्णय न्यायाधिकरणाने जानेवारी २००९ मध्ये बहुमताने दिला. पुढील महिन्यात न्यायमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी हा अधिकार प्रथमच वापरून तो रोखला. राजपुत्र चार्ल्स यांनी मंत्र्यांना लिहिलेल्या पत्रांच्या प्रकरणी माहिती आयुक्ताने खात्यांची बाजू उचलून धरली होती. वरिष्ठ न्यायाधिकरणाने मात्र सप्टेंबर २०१२ मध्ये धोरणविषयक आग्रह धरणारी पत्रे उघड करण्याचा निर्णय दिला. ॲटर्नी जनरल डॉमिनिक ग्रीव्ह यांनी ऑक्टोबरमध्ये तो प्रमाणपत्राने निष्प्रभ केला. २६ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सातपैकी पाच न्यायाधीशांनी हे प्रमाणपत्र अवैध ठरविले. त्यांपैकी तिघांच्या मते, केवळ वेगळे मत आहे म्हणून न्यायिक निर्णय मोडण्याचा अधिकार मंत्र्यास नाही. मे २०१५ मध्ये पत्रे प्रसिद्ध झाली. दरम्यान २०१० च्या एका अधिनियमाने राजपद व युवराज यांच्याशी होणारा पत्रव्यवहार पूर्णतः अपवादात टाकण्यात आला होता.

भारतात १८७२ च्या पुराव्याच्या अधिनियमातील कलम १२३ खालील शासनाचा विशेषाधिकार न्यायालयीन तपासणीस पात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने राजनारायण (१९७५) व एस. पी. गुप्ता (१९८१) या खटल्यांत स्पष्ट केले. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार अपिलाचे काम माहिती आयोगांकडे असून चौकशीत त्यांच्यापासून कोणताही अभिलेख राखून ठेवता येत नाही. अशी तपासणी म्हणजे प्रकटीकरणाची हमी नव्हे : १९६२ च्या भारत-चीन युद्धावरील हेंडरसन ब्रुक्स अहवाल उघड करण्यास केंद्रीय माहिती आयोगानेही २००९ मध्ये नकार दिला. अशा नकाराला स्वतंत्र तपासणीचा व लेखी कारणांचा आधार असतो. १९४२ च्या निर्णयाने थेटिसवरील मृतांच्या आप्तांना नेमका तोच नाकारला होता.