विंध्य खडकातील ठसे आणि काळाचा प्रश्न

खडकाच्या पृष्ठावर दिसणारी एखादी आकृती प्राचीन जीवाचा ठसा आहे की खनिजे, पाणी आणि भेगा यांच्या क्रियेतून घडलेला योगायोग आहे, हे ठरवणे भूविज्ञानात आजही अवघड आहे; कारण हाड, दात किंवा शिंपला मागे उरला असेल तर त्याची अंतर्रचना तपासता येते, परंतु ठशात मूळ देहाचा बहुधा काहीच अंश शिल्लक नसतो, उरते ती त्याची बाह्यरेखा. देह गाळात रुतून वर नवा गाळ साचला आणि कालांतराने देह कुजून पोकळी राहिली, तर त्या पोकळीला साचा म्हणतात. हाच साचा पुढे वाळूने किंवा खनिजाने भरून निघाला, तर देहाची उठावदार प्रतिकृती तयार होते. प्राण्यांच्या सरपटण्याच्या, बिळे करण्याच्या किंवा चालण्याच्या खुणा हा आणखी निराळा प्रकार होय, कारण तेथे देहाचा आकारही उमटलेला नसतो, उमटलेली असते ती हालचाल.

नुसत्या साम्यावर विसंबून चालत नाही याचा दाखला महाराष्ट्रातच मिळतो. दख्खनच्या काळ्या कातळातील पोकळ्यांत घडलेल्या शेवाळी अकीकात हिरव्या-काळ्या तंतूंची आणि फांद्यांची नक्षी इतकी हुबेहूब वनस्पतीसारखी असते की त्याच्या नावातच शेवाळ आले; वास्तविक ती नक्षी लोह आणि मँगनीज यांच्या खनिजांची असून तिच्यात वनस्पतीचा लवलेशही नाही. याच्या नेमके उलट उदाहरण देवघरातील शाळिग्रामाचे आहे. गंडकीच्या पात्रातील ज्या काळ्या गोट्यांवरील वलये चक्र म्हणून पूजिली जातात, ती अमोनाइट नावाच्या, समूळ नष्ट झालेल्या सागरी प्राण्याच्या शंखाची खरीखुरी छाप होय. जीव वाटावा ते खनिज निघते आणि जे जीव म्हणून कोणी पाहिलेच नाही ते जीवाश्म ठरते. म्हणूनच कॅनडाचे पुराजीववैज्ञानिक हान्स हॉफमन यांनी १९७२ साली अतिप्राचीन खडकांतील आकृत्यांची तीन वर्गांत मांडणी केली: निश्चित जीवाश्म, जीवाश्मासारखे दिसणारे पण निर्जीव क्रियेतून झालेले आभासी जीवाश्म आणि उपलब्ध पुराव्यावर निर्णय देता येत नाही असे संदिग्ध जीवाश्म. यांतील तिसऱ्या वर्गाचे मोल फार मोठे आहे, कारण निर्णय लांबणीवर टाकणे हाही एक शास्त्रीय निर्णय असू शकतो, हे त्याने अधिकृतपणे मान्य केले.

भारतात या वर्गीकरणाची सर्वांत कठोर परीक्षा विंध्य खडकांत झाली. टॉमस ओल्डहॅम यांनी १८५६ साली विंध्य हे नाव ज्या खडकसमूहाला दिले, तो बिहारमधील शोण नदीच्या खोऱ्यापासून राजस्थानपर्यंत पसरलेला, वालुकाश्म, शेल आणि चुनखडक यांच्या थरांचा प्रचंड साठा आहे. त्यातील थर पुष्कळ ठिकाणी जवळजवळ आडवे आणि इतके अविकृत राहिले आहेत की कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या उथळ पाण्यातील लहरींच्या रेघा त्यांवर कालपरवाच्या वाटाव्यात. जेथे पाण्याची लहर जशीच्या तशी टिकली, तेथे जीवाचा ठसाही टिकला असेल ही अपेक्षा स्वाभाविक होती. अडचण निराळीच होती. या खडकांचे वय दीर्घकाळ निश्चित नव्हते, म्हणून ठशावरून खडकाचे वय ठरवायचे आणि त्या वयाच्या आधारे पुन्हा ठशाची ओळख पक्की करायची, असे एक चक्र येथे निर्माण झाले. विंध्यातील ठशांचे बहुतेक वाद या चक्रातून उद्भवले, आणि ते चक्र बाहेरच्या पुराव्याने तुटले तेव्हाच त्यांचा निकाल लागला.

पहिले ठळक उदाहरण रामपुरा-नीमच परिसरातील सुकेत शेलमधल्या चकत्यांचे आहे. काही मिलिमीटर व्यासाच्या, काळ्या, कार्बनयुक्त आणि दबून चपट्या झालेल्या या चकत्या विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नजरेस आल्या. फ्रेडरिक चॅपमन यांनी १९३५ साली त्यांना फर्मोरिया हे नाव देऊन ब्रॅकिओपॉड, म्हणजे दोन शिंपांच्या कवचात राहणारे सागरी प्राणी, या गटात बसवले. ब्रॅकिओपॉड कँब्रियन काळापासून आढळतात आणि तो काळ सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला. त्यामुळे ही ओळख मान्य केली की विंध्य खडकांचा काही भाग तरी त्या काळातला मानावा लागत होता. परंतु या चकत्यांना ना बिजागरी होती, ना वाढीच्या रेषांची खात्रीशीर मांडणी. एम. आर. साहनी यांनी पुढच्याच वर्षी त्यांचा पुन्हा अभ्यास केला, आणि नंतरच्या दशकांत हे अवशेष चुआरिया या गोलाकार, शैवालसदृश सजीवांचे असल्याचे मत बळावत गेले. गंमत अशी की चुआरिया हे नाव देणारे चार्ल्स वॉलकॉट यांनाही १८९९ साली अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनमधले असेच अवशेष ब्रॅकिओपॉडचे वाटले होते. वस्तू खरोखर सजीवाचीच होती, चुकले होते ते कूळ, आणि कुळाबरोबर काळही.

१९९८ हे वर्ष या इतिहासात विलक्षण ठरले. त्या वर्षी आडोल्फ झाइलाखर, प्रदीप बोस आणि फ्रीडरिख फ्ल्युगर यांनी मध्य प्रदेशातील सीधी जिल्ह्याच्या चोरहट वालुकाश्मावरील वळणावळणांचे उंचवटे म्हणजे कृमीसदृश प्राण्यांनी केलेल्या बिळांच्या खुणा असल्याचे जाहीर केले. समुद्रतळावर सूक्ष्मजीवांचा चिवट थर दुधावरच्या सायीसारखा पसरलेला असावा आणि त्याच्या खाली अन्न शोधत हे प्राणी सरकत असावेत, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. खडक १०० कोटी वर्षांहून जुना धरल्यास प्राणिसृष्टीचा उगम जवळजवळ दुप्पट मागे सरकणार होता. त्याच वर्षी डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेचे रफत जमाल आझमी यांनी विंध्य चुनखडकातून कँब्रियनच्या आरंभकाळातील सूक्ष्म कवचे मिळाल्याचे प्रसिद्ध केले. एकाच खडकसमूहातून, एकाच वर्षी, एका ठशाने काळ मागे ओढला आणि दुसऱ्या अवशेषाने तो पुढे आणला. दोन्ही दावे एकाच वेळी खरे असणे शक्य नव्हते.

हा पेच ठशांकडे पाहत राहून सुटणारा नव्हता, आणि तो सुटला ज्वालामुखीच्या राखेमुळे. शोण खोऱ्यातील थरांमध्ये प्राचीन राखेचे, पुढे सिलिकायुक्त झालेले पट्टे आहेत. त्या राखेत जिरकॉन या खनिजाचे सूक्ष्म स्फटिक असतात, ते तयार होताना युरेनियम आत घेतात, आणि त्या युरेनियमचे ठरावीक गतीने शिसे होत जाते, म्हणून दोहोंच्या प्रमाणावरून स्फटिकाचे वय काढता येते. २००२ साली दोन स्वतंत्र गटांनी असे मापन केले तेव्हा वय सुमारे १६० कोटी वर्षे आले. कँब्रियनचा प्रश्न तेथेच मिटला. चोरहटचे प्राणी मात्र आणखी अडचणीत आले, कारण १६० कोटी वर्षांपूर्वी बिळे करणारा प्राणी होता असे मानले तर त्यानंतरच्या सुमारे १०० कोटी वर्षांच्या खडकांत त्याच्या वंशजांचा निर्विवाद माग का नाही, याचे उत्तर देणे भाग होते. सूक्ष्मजीवांचा थर सुरकुतून किंवा फाटून असे उंचवटे होऊ शकतात हे स्पष्टीकरण अनेकांना अधिक पटले, तरी ते उंचवटे हॉफमन यांच्या तिसऱ्या वर्गातून पुरते बाहेर पडलेले नाहीत.

आझमींच्या नमुन्यांची कथा अधिक गुंतागुंतीची, आणि म्हणून अधिक महत्त्वाची आहे. त्यांच्या शोधाविषयी तीव्र शंका घेतल्या गेल्या. मात्र स्वीडनचे स्टेफान बेंगट्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रकूट परिसरातील फॉस्फेटयुक्त थरांतून पुन्हा नमुने गोळा केले, आणि ते अवशेष खरे असले तरी कँब्रियन नसून कितीतरी पटींनी जुने आहेत, असा निष्कर्ष २००९ साली मांडला. काही गोल पोकळ्या सूक्ष्मजीवांच्या थरात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या निघाल्या, तर काही धागे खऱ्या सजीवांचे ठरले. खडक न फोडता आतील पेशींची मांडणी दाखवणाऱ्या तीव्र क्ष-किरण तंत्राने त्यांची तपासणी झाल्यानंतर २०१७ साली त्यांतील एका धाग्याला रफताझमिया असे नाव देण्यात आले आणि तो लाल शैवालासारखा सजीव असावा, असे मत मांडले गेले. काळाबाबत चुकलेल्या संशोधकाचे नाव त्या सजीवाला मिळणे हा केवळ औदार्याचा भाग नव्हता. वस्तू पाहण्यात त्यांची नजर चुकली नव्हती, याची ती रीतसर नोंद होती.

यापुढचा वाद भीमबेटक्याचा. भोपाळच्या दक्षिणेस, रायसेन जिल्ह्यातील या शैलाश्रयांकडे जगाचे लक्ष वेधले ते विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली. नीमच येथे जन्मलेल्या या मराठी पुरातत्त्वज्ञाला तेथील भिंतींवरची चित्रे प्रथम ओळखता आली. २०२० च्या मार्चमध्ये ग्रेगरी रिटॅलॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तेथील सभागृह म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गुंफेत, जमिनीपासून सुमारे ११ फूट उंचीवर, मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना फासळ्यांसारख्या रेघा गेलेली पानासारखी आकृती दिसली. तिचे साम्य डिकिन्सोनियाशी होते. हा सपाट, लंबगोल, मऊ देहाचा सजीव ऑस्ट्रेलियातील एडियाकरा टेकड्यांत रेज स्प्रिग यांना १९४६ साली सापडलेल्या जीवांपैकी होता आणि त्याचा काळ सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो. हा शोध २०२१ साली प्रसिद्ध झाला. भीमबेटक्याच्या मैहर वालुकाश्माचे वय जिरकॉनच्या कणांवरून सुमारे १०० कोटी वर्षे काढण्यात आले होते, तर या एका आकृतीमुळे ते ५५ कोटींच्या जवळ आणावे लागत होते. जुने चक्र पुन्हा फिरू लागले होते.

डिकिन्सोनियाचे अस्सल ठसे ज्या रीतीने उमटतात ती पाहिली, तर शंकेला जागा होती. ऑस्ट्रेलियात ते वाळूच्या थराच्या खालच्या पृष्ठावर, एकाच पातळीवर, लहानमोठ्या आकारांत आणि सूक्ष्मजीवांच्या थराच्या खुणांसह आढळतात. म्हणजे ठसा थराचा अवयव असतो, थरावर चिकटवलेला नसतो. जोसेफ मीर्ट, मनोज पंडित आणि सहकाऱ्यांनी २०२२ अखेरीस भीमबेटक्यास पुन्हा भेट दिली तेव्हा ती आकृती खडकापासून सुटू लागली होती, तिच्यात मधाच्या पोळ्याची षट्कोनी घरे स्पष्ट दिसत होती, आणि ती आग्या मोहोळाचा उरलेला अंश असल्याचे उघड झाले. आग्या माश्या एकच उघडे पोळे कड्याच्या आडोशाला लटकावतात, आणि माश्या निघून गेल्यावर मेणाचा लंबगोल डाग कातळावर मागे राहतो. अजिंठ्याच्या कड्यांखाली वा सह्याद्रीतल्या गडकिल्ल्यांवर वावरणाऱ्याला हे डाग अपरिचित नाहीत. शैलाश्रय धुंडाळून मध गोळा करणाऱ्यांची नजर या ओळखीच्या कामात सुरुवातीपासून सहभागी झाली असती, तर बराच श्रम वाचला असता असे मानण्यास जागा आहे. हा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला आणि रिटॅलॅक यांनी तो मोकळेपणाने मान्य केला. मैहर वालुकाश्माच्या वयाबाबत त्यामुळे पुन्हा जिरकॉनच्या कणांची साक्षच प्रमाण उरली, आणि सुमारे १०० कोटी वर्षांचा आकडा होता तेथेच राहिला.