निरोपाचे व्याकरण

इंग्रजीच्या तासाला आज्ञार्थी वाक्यांचे अप्रत्यक्ष कथन करावयास सांगितले, की हुशार मुलेसुद्धा थबकतात. वास्तविक नियम चार ओळींचा आहे. 'सेड' काढून 'ऑर्डर्ड', 'रिक्वेस्टेड', 'ॲडव्हाइज्ड' अशांपैकी एक क्रियापद घालावे, अवतरणचिन्हे काढावीत, आणि आज्ञार्थाच्या जागी 'टू' लावून मूळ क्रियापद लिहावे. नकार असल्यास 'नॉट टू'. विधाने फिरविताना काळ बदलण्याची जी यातायात पडते ती येथे नाही, कारण 'टू'च्या रूपाला काळाचे बंधनच नसते. मग अडते कोठे? हैदराबादेत मराठी मुलांना हा पाठ मी अनेक वर्षे शिकविला. त्याच्या पूर्वेतिहासाचा थोडा मागोवा आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

या पाठाचे कूळ लॅटिनमध्ये आहे. ज्यूलियस सीझरने गॉलच्या युद्धाचे जे वृत्त लिहिले, त्यात दूतांची व सरदारांची भाषणे पानेच्या पाने परोक्ष रीतीने दिलेली आहेत. इंग्लंडातील शाळांत लॅटिन शिकणारी मुले प्रत्यक्षाचे परोक्ष करण्याचा सराव करीत, आणि तेच वळण पुढे इंग्रजी व्याकरणात उतरले असावे. ते टिकले मात्र कारभाराच्या गरजेमुळे. ब्रिटिश पार्लमेंटच्या 'हॅन्सर्ड' या इतिवृत्तात १९०९ पर्यंत बरीचशी भाषणे तृतीय पुरुषात छापली जात. त्या वर्षापासून ती वक्त्याच्याच शब्दांत देण्याची पद्धत पडली. हिंदुस्थानात तर सचिवालयाच्या पत्राचा प्रारंभच ठरलेला असे : 'आय ॲम डायरेक्टेड टू रिक्वेस्ट'. इच्छा गव्हर्नरची, सही सचिवाची, आणि आज्ञेवर विनंतीचे पांघरूण. एका वाक्यात दोन निरोप! असे पत्र लिहिणारा, निदान त्याचा मसुदा करणारा कारकून शाळेतच घडवावा लागे. आमच्या व्याकरणातील तो रुक्ष धडा ही त्याची तालीम होती, असे मी मानतो.

नेस्फील्ड यांची व्याकरणमाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली. ते स्वतः वायव्य प्रांताच्या शिक्षण खात्यातले. रेन आणि मार्टिन यांचे सर्वपरिचित पुस्तक १९३० नंतरच्या दशकातले. यांपैकी रेन म्हणजे 'बो जेस्ट' ही कादंबरी १९२४ मध्ये लिहिणारेच रेन. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात त्यांनी नोकरी केली होती. अशा पुस्तकांतील उदाहरणांत राजे, सेनापती, धनी, नोकर आणि वैद्य यांची दाटी असते. त्याचे कारण उघड आहे. 'दार लाव' हे वाक्य एकटे असेल तर 'ऑर्डर्ड' लिहावे की 'रिक्वेस्टेड', हे कोणी सांगू शकत नाही. बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण हे कळले पाहिजे. व्याकरणाचा प्रश्न म्हणून जे विचारले जाते ते पुष्कळदा दरजाविषयीचे अनुमान असते, आणि मुले अडतात ती नेमकी येथे.

मराठीला हे अनुमान अपरिचित नाही. आपण ते वेगळ्या ठिकाणी ठेवतो, एवढेच. 'ये', 'या', 'यावे', 'येण्याचे करावे' या पायऱ्या क्रियापदातच आहेत. मोडी पत्रव्यवहार पाहावा. हाताखालच्या अंमलदारास लिहिताना 'पाठवून देणे', 'ताकीद करणे' आणि शेवटी 'जाणिजे'. बरोबरीच्यास 'लोभ असो दीजे हे विनंति'. वरिष्ठास 'हे विज्ञापना'. यांतील 'देणे', 'करणे' ही रूपे मला फार महत्त्वाची वाटतात. ती आज्ञा आहेत, परंतु रूपाने धातूला 'णे' लागून झालेली नामे आहेत. इंग्रजीचा 'टू' जे काम करतो त्याच्या जवळचे काम आपले कारकून पूर्वीपासून करीत होते. शिवाय दुसऱ्याचे म्हणणे उद्धृत करताना पत्रात ते जसेच्या तसे देऊन पुढे 'म्हणोन लिहिले' असे येई, आणि 'ऐसियास' म्हणून उत्तराला आरंभ होई. अवतरणचिन्हांची गरजच पडत नसे.

या 'म्हणोन'चे सोबती हैदराबादेत सहज भेटतात. मराठीत आपण 'ये म्हणून सांगितले' म्हणतो. तेलुगू शेजारी 'रम्मनि चेप्पाडु' म्हणतो. त्यात 'रम्मु' ही आज्ञा आणि 'अनि' म्हणजे 'म्हणून'. कानडीत 'बा अंत हेळिद'. आणि दखनी बोलणारा 'आव बोलके बोले' म्हणतो. चौघांचीही घडण एकच : मूळ आज्ञा शाबूत ठेवायची आणि तिच्यामागे 'असे म्हणून' या अर्थाचा शब्द जोडायचा. संस्कृतातील 'इति' याच जातीचा. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये निघाले तेव्हा माध्यम उर्दू असले तरी इंग्रजी सक्तीचे होते. या चार भाषांच्या घरांतून आलेल्या मुलांना तेथे एकच परकी चाल शिकावी लागली. बोलणाऱ्याचे शब्द मोडायचे, आणि ते कोणत्या भावनेने उच्चारले याचा निवाडा आपण करायचा. 'म्हणून' ठेवणाऱ्यावर ही जबाबदारी येत नाही. तो निरोप्या आहे. 'रिक्वेस्टेड' लिहिणारा थोडासा न्यायाधीश झालेला असतो. हाताखालच्या माणसाने हक्काने मागितलेली गोष्ट 'विनवणी केली' म्हणून दप्तरात नोंदली गेली, तर पुढे वाचणाऱ्याला तो हक्क दिसणार नाही.

म्हणून वर्गात मी आधी मराठीत 'णे' लावून वाक्य लिहावयास सांगे, मग बोलणाऱ्याचे नाते विचारी, आणि इंग्रजी क्रियापद सर्वांत शेवटी. 'टू' विसरणारी मुले याने पुष्कळ कमी झाली. 'लेट अस गो'पाशी मात्र ही युक्ती लंगडी पडते. 'चला, आपण जाऊ या' यातील 'आपण'मध्ये ऐकणारा सामील आहे. तेलुगूतही 'मनम्' आणि 'मेमु' असा भेद आहे. इंग्रजी 'वुई'त तो भेद नाही, आणि 'प्रपोज्ड दॅट दे शुड गो' असे झाले की तो उरण्याचा प्रश्नच येत नाही. सांगणारा स्वतः त्या मंडळीत होता काय, एवढे विचारून 'दे' की 'वुई' ते ठरवावे लागते; आणि परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत ती माहिती बहुधा दिलेली नसते.