वेगाची किंमत : पानिपतच्या निमित्ताने

दिल्लीच्या उत्तरेस सुमारे नव्वद किलोमीटरांवर पानिपत आहे. शहराबाहेर काला अंब नावाची जागा आहे. तेथे एकेकाळी आंब्याचे एक झाड होते आणि रणात सांडलेल्या रक्तामुळे ते काळवंडले, अशी लोकांची समजूत आहे. ते झाड आता उरलेले नाही. तेथे स्मारकस्तंभ उभा आहे. मराठी माणूस त्या स्तंभापाशी पोहोचला की एकच प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो : त्या काळातला हिंदुस्थानातला उत्तम तोफखाना जवळ असताना १४ जानेवारी १७६१ रोजी असे का व्हावे? या प्रश्नाला दैव, घरभेद, उपासमार, हट्ट अशी नाना उत्तरे दिली गेली आहेत. आज त्याच प्रश्नाकडे मी एका निराळ्या वाटेने जाणार आहे, आणि ती वाट आजच्या तरुणांच्या एका छंदातून निघते.

दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर संगणकाचे सुटे भाग विकत घेणारी मुले आपण पाहिली असतील. त्यांचा सर्वांत आवडता भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड. पडद्यावरचे चित्र घडविण्याचे काम हे कार्ड करते. त्याच्या पोटातील चिप एका ठोक्याच्या तालावर चालते. हे ठोके सेकंदाला कोट्यवधी पडतात आणि किती पडावेत हे कारखाना ठरवून देतो. या ठरलेल्या तालापेक्षा अधिक वेगाने चिप पळविणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. आपण त्याला अतिवेग म्हणू.

हे शक्य कसे होते? एकाच तबकडीतून कापलेल्या चिपाही गुणाने सारख्या निघत नाहीत. कारखानदाराला मात्र साऱ्यांची हमी द्यावयाची असते; म्हणून तो दुबळ्या चिपेलाही झेपेल असा वेग छापतो. सबळ चिपेत मग काही शक्ती पडून राहते. छंदिष्ट नेमका तिचाच शोध घेतो. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर निघाला. त्याचा छापील वेग ३०० मेगाहर्ट्झ; परंतु ज्या वाहिनीवर तो चाले तिचा ताल ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला की त्यातील पुष्कळ प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर सुखाने धावत. पुढे २००० च्या सुमारास एएमडीच्या प्रोसेसरवर तोडून ठेवलेले सूक्ष्म पूल लोकांनी चक्क शिसपेन्सिलीच्या रेघेने जोडले आणि वेगाला घातलेले कुलूप उघडले. २००२ साली एटीआयच्या रेडिऑन ९५०० या कार्डाच्या काही प्रतींत महागड्या ९७०० चीच चिप होती. तिचा अर्धा भाग बंद करून ठेवलेला असे. तो भाग उघडण्याची युक्ती सापडली. कोणाचे कार्ड दुप्पट झाले, तर कोणाच्या पडद्यावर नुसते चौकटींचे डाग उमटले. कारण त्याच्या चिपेचा तो अर्धा भाग मुळातच सदोष म्हणून बंद केलेला होता.

वेगाला किंमत आहे, आणि ती गणिताने मोजता येते. चिपेत खर्च होणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि दाबाच्या, म्हणजे व्होल्टेजच्या, वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्के वाढवावयाचा आणि तो टिकावा म्हणून दाबही दहा टक्के चढवावयाचा, तर खर्च दहा टक्क्यांनी नव्हे, सुमारे तेहतीस टक्क्यांनी वाढतो. ही सारी वीज शेवटी उष्णता होते. मग पंखा मोठा हवा, पाण्याने थंड करण्याची सोय हवी. शिवाय कार्ड ज्या खाचेत बसते तिच्यातून ७५ वॅटच मिळतात. अधिक हवे तर विजेच्या पेटीतून वेगळी तार आणावी लागते, आणि ती पेटीही तेवढ्या भाराची लागते.

याहून सूक्ष्म नियम जीन ॲम्डाल या संगणकशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो. त्याने तो विचार १९६७ साली मांडला. समजा, एका कामाला शंभर मिनिटे लागतात आणि त्यांतली साठ कार्डाची आहेत. कार्डाचा वेग वीस टक्क्यांनी वाढविला तर साठांची पन्नास होतील; पण उरलेली चाळीस जशीच्या तशी राहतील. शंभराची नव्वद झाली, एवढाच लाभ. एका अवयवाला बळ दिले म्हणून सारे शरीर त्या प्रमाणात बलवान होत नाही, हे त्याचे तात्पर्य.

आता, श्रोतेहो, पुन्हा अठराव्या शतकात जाऊ. मराठ्यांचे लष्कर मुळात हलक्या घोडदळाचे. वेगाने यावे, शत्रूची रसद तोडावी आणि पसार व्हावे, ही त्याची रीत. या यंत्रात सदाशिवरावभाऊंनी एक नवा भाग बसविला. बुसी या फ्रेंच सेनानीच्या शिस्तीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी निजामाकडून पेशव्यांच्या चाकरीत आला. त्याच्याजवळ कवायती पायदळ होते आणि तोफा होत्या. १७६० च्या आरंभी उदगीरच्या मोहिमेत या गारद्यांनी निजामाला जेरीस आणले. नव्या भागाची परीक्षा झाली आणि तो उतरला. तोच भाग घेऊन फौज उत्तरेस निघाली. यात भाऊंची दूरदृष्टीच होती, हे आधी स्वच्छपणे मान्य केले पाहिजे.

परंतु बाकीचे यंत्र जुनेच राहिले होते. पहिली अडचण पुरवठ्याची. हलके घोडदळ मुलखावर जगते. कवायती पायदळाला आणि जड तोफांना वेळेवर पगार लागतो, बैल लागतात, दारूगोळा लागतो, पाठीमागे उघडी वाट लागते. भाऊंबरोबर यात्रेकरूंचा आणि बायकामुलांचाही मोठा समुदाय होता. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा जिंकून धान्य मिळाले. पण त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून आला आणि दिल्लीची वाट बंद झाली. अंतर्वेदीतून रसद तोडण्याचा आणि पोहोचविण्याचा भार ज्यांच्यावर होता ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. वीज पुरविणारी तार तुटली, आणि अडीच महिने ते यंत्र साठ्यावर चालले. जानेवारीत घोडी हाडांवर आली होती.

दुसरी अडचण तालाची. बेत असा होता, की मोठा गोल बांधून, तोफा आणि गारदी पुढे ठेवून, एकसंध सरकत बाहेर पडावयाचे. या बेतात साऱ्या फौजेने पायदळाच्या पावलाने चालावयाचे होते. घोडेस्वाराच्या अंगी मुरलेला ताल निराळा. रणात डाव्या अंगास इब्राहिमखानाने रोहिल्यांची फळी मोडली. पण शेजारची घोडदळाची पथके गोल सोडून पुढे गेली, आणि आपल्याच तोफांपुढे आपलीच माणसे आली. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला दक्षिणी ब्राह्मण काशिराज पंडित याने या युद्धाचा वृत्तान्त फारसीत लिहिला आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मराठ्यांच्या तोफा मोठ्या आणि जड होत्या. त्यांचे तोंड सहज खाली करता येत नसे, आणि शत्रू जवळ आल्यावर गोळे बहुधा त्याच्या डोक्यांवरून जात. उलट अब्दालीपाशी उंटांवर बसविलेल्या हलक्या जंबुरका होत्या. त्यांचा मारा लहान, पण जेथे हवा तेथे नेता येणारा. शिवाय त्याने ताज्या दमाची फौज राखून ठेवली होती आणि दुपारी ती नेमक्या ठिकाणी लोटली. आपली मोठी शक्ती एका भागात साठली होती. त्याची मध्यम शक्ती सर्व भागांत खेळत होती.

येथे कोणी म्हणेल, संगणकाच्या तुकड्याशी पानिपतची तुलना करणे हा अविचार आहे. आक्षेप रास्त आहे. कार्ड जळाले तर पैसे जातात. पानिपतावर एक पिढी गेली. विश्वासराव गेले, भाऊ गेले. इब्राहिमखान जिवंत पकडला गेला आणि निष्ठा न सोडता मारला गेला. यंत्राला निष्ठा नसते. माणसांच्या शौर्याचे मोल या तुलनेत मावत नाही, आणि ते मी मोजूही पाहत नाही. परंतु शौर्य अपुरे पडले नाही हे एकदा मानले, की मग काय अपुरे पडले हे विचारणे आपल्याला भाग आहे. आणि त्या चौकशीत यंत्राचा दाखला उपयोगी पडतो, कारण यंत्र खोटी समजूत काढीत नाही.

हा धडा पानिपतावरून पाय अधू होऊन परतलेल्या महादजी शिंद्यांनी घेतला, असे त्यांच्या पुढच्या कारभारावरून दिसते. १७८४ पासून त्यांनी द बॉयन् याच्याकडून कवायती पलटणी उभारल्या. पण नुसत्या पलटणी उभारल्या नाहीत. त्यांच्या पगारासाठी अंतर्वेदीतला मुलूख तोडून दिला, आग्र्यास तोफांचा कारखाना घातला, घोडदळ आणि पायदळ यांची सांगड घातली. म्हणजे पुरवठा, घडण आणि ताल या तिन्हींचा एकत्र विचार झाला. १७९० मध्ये पाटण आणि मेडता येथे त्याचे फळ मिळाले. तरीही एक उणीव राहिली : किल्ली परक्याच्या हाती होती. सप्टेंबर १८०३ मध्ये सेनापती पेराँ इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि इतर युरोपीय अधिकारीही एकेक करून निघून गेले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला लासवारीस त्या पलटणी त्यांच्यावाचून लढल्या, आणि कशा लढल्या याची कबुली प्रतिस्पर्धी लॉर्ड लेकनेच दिली आहे. पण राज्य वाचले नाही.

आजच्या छंदिष्टालाही ही किल्लीची अडचण ठाऊक आहे. २०१२ पासून एनव्हिडियाची कार्डे उष्णता आणि वीज पाहून आपला वेग आपणच वाढवितात, आणि अलीकडच्या अनेक कार्डांतील आज्ञावली कंपनीच्या सहीवाचून बदलता येत नाही. दुसऱ्याने घडविलेल्या वस्तूत जेवढी मोकळीक तो ठेवील तेवढीच आपली.

या विचाराचे एक आशादायक टोक पुण्यात आहे. अमेरिकेने हवा तो महासंगणक देण्याचे नाकारल्यावर १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्यातील चिपा ब्रिटिश कंपनीच्या, बाजारात मिळणाऱ्या आणि एकेकट्या बेताच्याच शक्तीच्या होत्या. त्यांपैकी एकीलाच फोडून पळविण्याऐवजी पुष्कळांना एका तालावर जोडण्याचा मार्ग धरला गेला. २०१८ साली हवामानाच्या अंदाजासाठी पुण्यास ‘प्रत्युष’ आणि दिल्लीशेजारी नोएडास ‘मिहीर’ हे महासंगणक बसले; २०२४ मध्ये त्याच दोन गावी ‘अर्क’ आणि ‘अरुणिका’ आले. पुणे आणि दिल्ली यांच्यामधल्या जुन्या वाटेवर आता पावसाची वार्ता धावते.

मर्यादा ओलांडण्याची इच्छा वाईट नव्हे. ती नसती तर भाऊ उत्तरेस गेले नसते आणि परमही घडला नसता. मात्र ज्याला वेग हवा त्याने आधी तार पाहावी, वारा पाहावा, शेजारच्या भागाचा ताल पाहावा, आणि किल्ली कोणाच्या खिशात आहे हेही पाहून ठेवावे.